बुचाची होडी

माधवनगर, बुधवार

साडूबुवा बिराप्पा यांना भाऊसोचा मनापासून नमस्कार. तुमचा गुडघा आता कसा आहे? अर्जुनाताईंचा खोकला थांबला असेल. आमची रंगू आठ दिवस तुमच्याकडं बहिणीचा पाहुणचार घेतेय, तेव्हा तिची तब्येत मी विचारत नाही, चांगलीच असणार. (फोनच केला असता, पण तुम्ही तो स्पीकरवर टाकून सगळ्या मलकापूरला ऐकवता.)

तर विषय, तुम्ही दिवाळीला दिलेली लाकडी होडी. आवं, काय गरज होती? घरी बसून होड्या करायचा नाद या गोतावळ्यात पहिला मला लागला. मिलमधून रिटायर झाल्यावर मोबाइलवर बघून बघून मी सुरुवात केली. ते बघायला तुम्ही आलात, भजी खाल्लीत, चहा दोनदा घेतलात, आणि दोन महिन्यांत हिरवीगार, लाल काठाची, वर अर्जुनाताईंच्या पिवळ्या लुगड्याचं शीड लावलेली होडी घेऊन हजर! रंगूनं ती थेट टीव्हीशेजारच्या शोकेसमध्ये ठेवली. तिथं मला मिलमध्ये मिळालेला कप होता, तो आता फ्रिजवर गेला. आणि माझ्या होडीत कांदे आहेत. आल्यागेल्याला ती तुमचीच दाखवते, वर "दाजींच्या हातात लय कला हाय बगा" म्हणते, आणि मी शेजारी उभा असतो. मी जळत नाही. पित्त तेवढं वाढलंय.

माझी होडी बुडते, हे मान्य. आपण दोघंही आटपाडीकडं मेंढरांमागं वाढलो. लाकूड पोखरायचं म्हटलं की माझ्या हाताला मेंढरांना पाणी पाजायची डोणच ठाऊक, आणि डोण धुवायची तर तळाला भोक ठेवून बूच मारावं लागतं. मी होडीलाही ठेवलं. सवयीनं हो! बूच चांगलं घट्ट होतं. सांगलीच्या घाटावर भिशीतल्या सगळ्यांसमोर सोडली आणि ते निघालं. (पुढचं रंगूनं हसत हसत सांगितलंच असेल.) पण त्याच डोणीवर तुम्हीही वाढलात की नाही? मग तुमच्या होडीला भोक कसं नाही? मी ती उलटी करून, बॅटरी मारून बघितली. एवढंच मला खुपतं, बाकी माझं मन साफ आहे.

असो. सहज आठवण आली म्हणून लिहिलं. गुडघ्याला तेल लावत जा.

तुमचा साडू,
भाऊसो

ता. क. तुमची होडी हरवली. झालं असं, की शोकेसमध्ये कोणीही नटून बसेल, पाण्यात उतरून दाखव म्हणावं, अशा विचारानं मी ती काल टॉवेलात गुंडाळून घाटावर नेली आणि सोडली. दोरी बांधली नव्हती, कारण ती बुडणार याची मला खात्री होती. बुडाली असती तर हात घालून काढली असती. ती बुडालीच नाही, अशी झोकात गेली की पुलापलीकडं दिसेनाशी झाली. रंगू रविवारी दुपारी परत येतेय. तेव्हा तोच हिरवा रंग, तोच काठ, तेच लुगडं, अशी एक शनिवारपर्यंत घेऊन स्वतः या. रंगूच्या पिशवीतून पाठवायची हुशारी करू नका.

ता. क. दुसरा. होडी निघाली तवा घाटावरची माणसं टाळ्या वाजवत होती. एकानं विचारलं, "कुणी केली रं?" माझ्या तोंडून "मी" निघून गेलं. लोकांनी पाठ थोपटली. लय बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. आता ते सगळे रविवारी सकाळी दुसरी होडी बघायला येणार आहेत. तेव्हा एक नको, दोन आणा. आणि रविवारी घाटावर येऊ नका.