सोमवारची नोंद

सोमवार, ९ मार्च
सकाळी कपाटाचं कुलूप फाटकाजवळच्या किल्लीवाल्याकडे टाकलं. किल्ली हरवून आठवडा झाला, बायको रोज टोमणे मारते.
चार वाजता पोलीस ठाण्यातून साहेबांचा फोन. "घरफोडीतला मासा दुपारीच गळाला लागलाय. पण बुधवारशिवाय छापायचं नाही हं!" बरं म्हटलं. वीस वर्षांचा रिवाज — ते आधी सांगतात, मी थांबतो.
संध्याकाळी किल्लीवाला जागेवर नव्हता. छत्री मात्र उघडीच.

मंगळवार, १०
काही विशेष नाही.

बुधवार, ११
मासा म्हणजे आपला किल्लीवाला! पोलिसांच्या टिपणात 'मंगळवारी रात्री अटक, गुन्ह्याची कबुली.' पुरावा काय, तर कुलूप न तोडता उघडलंय. उपसंपादक पोरगी म्हणाली, "काका, 'संशयित' घालू ना?" मथळ्यात मावेना. 'किल्लीवालाच चोर' — दोन स्तंभांत चपखल बसलं. आठला पान छपाईला सोडलं.

गुरुवार, १२
किल्लीवाल्याची बायको कचेरीत आली. अंक टेबलावर आपटला. "सोमवारी दुपारी नेलं त्यांना, अर्ध्या जेवणावरून उठवून. हा मंगळवार कुठून आणलात, भाऊ?"
अटकेपासून चोवीस तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभं करायचं — संविधानातलं हे कलम मीच वाचकांना समजावून सांगितलंय! त्याला उभं केलं बुधवारी सकाळी. कागदावर सगळं वेळेत. सोमवारची रात्र कागदावर नाहीच.

शुक्रवार, १३
तुरुंगात भेटलो. उजव्या हाताची तीन बोटं काळीनिळी, वळत नाहीत. कानस धरायची बोटं!
"कबूल का केलंस?"
"हो म्हटल्यावर थांबले." मग म्हणाला, "तुमचं कुलूप राहिलं, साहेब. पेटीत आहे."

शनिवार, १४
साहेबांना फोन केला. "सोमवार? कुठला सोमवार? थकलात तुम्ही, रजा घ्या!" हसले.
त्याला सरकारतर्फे मिळालेल्या वकीलबाई म्हणाल्या, "बायकोच्या शब्दाला कोण विचारतं? सोमवारचं लेखी काही आहे?" नाही म्हणालो. घरी येऊन ही वही उघडली. सोमवारच्या पानावर साहेबांचा फोन, वेळेसकट.

रविवार, १५
वही बायकोला दिली. पहिल्यांदाच. वाचून म्हणाली, "यात तुम्हीही अडकाल."
"माहितीये."
मग पान उलटून म्हणाली, "मंगळवारी 'काही विशेष नाही' लिहिलंयत."

सोमवार, १६
वकीलबाईंच्या टेबलावर लिहितोय. वही आता कोर्टात जाईल. मंगळवारचं पान फाडलेलं नाही.