वाघळांचं बेट

सिहोरा
ज्येष्ठ, १९८६

प्रिय रुखमा,

सुनेला कोणी 'प्रिय' लिहीत नाही, हे मला ठाऊक आहे. सवयीने 'चि. सौ.' लिहायला घेतलं आणि 'सौ.'पाशी हात थांबला. मग हेच लिहिलं. चार वर्षं एका घरात राहून आपण समोरासमोर कधी बोललो नाही. तू पदर पुढे ओढून ताट ठेवायचीस, मी खाली बघून जेवायचो. पाणी हवं असलं तर मी तुझ्या सासूला, सुलोचनाला, सांगायचो, आणि तिने हाक मारायच्या आत तुझा तांब्या आलेला असायचा.

तू होळीला माहेरी कोंढ्याला गेलीस, त्यानंतर गाय व्याली. कालवड झाली, कपाळावर पांढरा ठिपका आहे. सुलोचनाने तिचं नाव ठेवलेलं नाही, तू ठेवशील म्हणते. धानाच्या पऱ्ह्यांसाठी, रोपांसाठी, शेतातली बांधी नांगरून ठेवली आहे.

काल डोंगा घेऊन तलावातल्या बेटावर गेलो होतो. तू लग्न होऊन आलीस तेव्हा तिथे एकही वाघूळ नव्हतं, म्हणून सांगतो. माझ्या लहानपणी बेटावरच्या अर्जुनाच्या झाडांना शेकडो वाघळं लटकलेली असायची. दिवेलागणीला ती काठावरच्या मोहांवर, उंबरांवर जात आणि फळं तोंडात धरून बेटावर परतत. गर चोखून बी टाकून देत. माझी आई तेलासाठी टोरी, म्हणजे मोहाची बी, तिथूनच वेचून आणायची. सोलायची गरज नसे. वेचायची राहून गेलेली उगवायची. बेटावरचं बरंचसं रान त्या वाघळांनीच लावलेलं. बहात्तर साली तलाव आटला आणि बेटावर पायी जाता येऊ लागलं. वाघळाची चरबी गुडघ्यांना चांगली म्हणून लोक भरमार बंदुका घेऊन गेले. पुढे तलाव भरला, पण वाघळं परत आली नाहीत. कोणाला काही वाटलं नाही, कारण बेट हिरवंच दिसत होतं. बगळे अजूनही तिथे घरटी करतात. पण ते मासे खाणारे. त्यांच्याकडून बी येत नाही.

लक्षात आलं ते माझ्या लेकाच्या, टिकारामच्या. एकदा जेवताना म्हणाला, "बाबूजी, बेट म्हातारं होऊन राहिलं. मोठी झाडं पडून राहिली, अन् लहान एक नाही दिसत." मी म्हटलं, मोहाखाली तर पावसाळ्यात रोपांची दाटी असते. तर म्हणे, "झाडाच्याच सावलीत हायेत ना जी. दिवाळीपर्यंत एकही राहत नाही. वाघूळ बी दूर नेत होतं. अन् काठावरची बी आता पाणी ओलांडून जाईन कशी?" मी भाताचा घास घेतला आणि विषय सोडला. त्याने सोडला नाही.

मग तू आलीस, आणि तुम्ही दोघं काठावरच्या मोहांची टोपलीभर पिकली फळं घेऊन डोंग्यातून जाऊ लागलात. गर खायचा आणि बी थुंकायची, कोणाची लांब जाते याची शर्यत. शेजारचा भैय्याजी तलावाच्या पाळीवरून ओरडायचा, "पाहा रे, वाघूळ चाललं!" एकदा तुला म्हणाला, "काहून वं वाघळीण, आज उलटी नाही लटकली?" तू डोंग्यातूनच म्हणालीस, "तुमच्याच मोहाले लटकीन भाऊजी, फळं राखून ठेवा!" तुझा मोठा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. मी पाळीच्या अलीकडे बांधीत होतो. एकटाच हसलो.

टिकाराम तापाने गेला त्याला दोन पावसाळे झाले. तू दोन्ही वेळा एकटी बेटावर गेलीस. परवा तुझा भाऊ आनंदराव येऊन गेला. वरठीचं स्थळ सांगितलं, सायकलदुरुस्तीचं दुकान आहे, पहिली बायको बाळंतपणात गेली. माणूस शांत आहे म्हणाला. आणि तू नाही म्हणालीस, हेही सांगितलं. "मामाजी अन् सासूबाई एकटे पडतीन, अन् बेटावर कोण जाईन?" असं तू म्हणालीस म्हणे. सुलोचनाने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग म्हणाली, "पोरीनं आपल्यापायी जलम कायले जाळावा?"

म्हणून काल बेटावर गेलो, तुझ्याशिवाय जमतं का ते बघायला. माझे पुढचे दात नाहीत, बी पायापाशीच पडते. मग चालत चालत थुंकलो. जमतं. तुम्ही टाकलेल्यांपैकी काही मोह उघड्यावर, उन्हात, माझ्या गुडघ्याच्या वर आले आहेत. त्यातले टिकारामचे कोणते आणि तुझे कोणते, ते ओळखता येत नाही.

रुखमा, तू त्या स्थळाला हो म्हण. आमची नुसती हरकत नाही असं नव्हे, आमची इच्छा आहे. आपल्याकडे विधवेचा पाट रात्री, चार माणसांत उरकतात. तुझा तसा नको. दिवसा, मांडव घालून लावायचा. मी आणि सुलोचना पुढे बसू. कोणी काही बोललं तर मी उत्तर देईन, बोलायची सवय नसली तरी. बेटाची काळजी करू नकोस. पुढच्या ज्येष्ठात जावयांना घेऊन ये, फळं पिकलेली असतील. आणि घरात येताना डोक्यावर पदर घेऊ नकोस. लेकी माहेरी घेत नाहीत.

तुझाच,
बाबूजी