स्टेपनीच्या जागी बसवलेला सबवूफर

यारेली,
तमालेस ओव्हनमध्ये आहेत. मला पहाटेची पाळी आहे. गॅरेजमध्ये जाण्याआधी हे वाच.

काल आजीला चर्चला नेताना लरेडोच्या रस्त्यावर तुझी गाडी पंक्चर झाली. डिकी उघडली, तर स्टेपनीच्या खळग्यात तुझा सबवूफर, तो धडधडणारा स्पीकर. माझं डोकंच फिरलं. तू समोर नसतानाही तुला नाही नाही ते बोललो आणि तो वायरींसकट उपटून काढला. आजी पुढे तोंड करून आत बसली होती. तिला ना दिसलं, ना ऐकू आलं. नेस्टरकाकानं चाक आणून दिलं, तेव्हा निघालो.

परत येताना ती सीटवर तळहात टेकवून काहीतरी चाचपत होती. काय झालं, म्हणून खुणेनं विचारलं. म्हणाली, "आज गाणं का लागत नाही? पोरीनं माझ्यासाठी बसवलंय. कानाला नाही, पण पाठीला कळतं."

मला वाटायचं, पोरांवर छाप पाडायला बसवलास. माझी आई बहिरी झाल्यापासून मी तिला जेवलीस का, गोळी घेतलीस का, याशिवाय काही विचारलेलं नाही.

उपटला, हे सांगायची हिंमत झाली नाही. बिघडलंय, एवढंच म्हणालो.

ती म्हणाली, "असू दे. यारेली बघेल."

पपा