आखाजीच्या झोक्याचा भार

२५ एप्रिल

झोका होणार म्हणजे होणार! लिही मेघा, हेच लिही.

लेक दिपमाला दोन वर्षं आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, माहेरी आली नाही. गावच्या निंबावर झोका असतो. बाया झोका देता देता विचारतात, "अजून काही नाही का गं?" कोण येईल? या वर्षी झोका आपल्याच ओट्यावर, वरच्या तुळईला. कोण बसेल, कोण बोलेल, मी ठरवणार! जळगावहून तिचा फोन — "मग येते, माय."

मुलगा प्रेमराज म्हणतो, "माय, तुळई तुटी जाई!"

२६ एप्रिल

नात मेघा धुळ्याला इंजिनिअरिंग शिकते. म्हणे, तुळई मनातल्या मनात कापायची.

"सासऱ्यांची सागाची तुळई! मनातसुद्धा हात लावू नको."

"तसं नाही आजी. कापलं तिथे दोन्ही तुकडे एकमेकांना कसे धरून होते, ते शोधायचं. तो आतला जोर. बाहेरून दिसत नाही." भार मधोमध टांगला की तुळई तिथेच जास्त वाकू बघते. भिंतीजवळ टांगला की कमी.

भिंतीजवळ? झोका काय कोपऱ्यात बांधतात? दोन्ही अंगांनी झोका द्यायला बाया उभ्या कुठे राहतील! मधोमधच बांधला. आधी प्रेमराजला बसवलं — तो टिकला तर सगळं गाव टिकेल. तुळईने पोट काढलं. धाब्याच्या छताची माती माझ्या डोक्यावर. झोका उतरवला.

२७ एप्रिल

माझी युक्ती! दोर दोन्ही भिंतींकडे फाकवून बांधायचे, फळी मात्र मधोमध. भार भिंतींजवळ, झोका मध्ये. झालं की नाही?

मेघा ओरडली, "दोर जितका आडवा, तितका त्याच्यात ताण जास्त! दोराला वाकवून बघ, त्याला काही नाही. त्याला ताण तेवढा कळतो."

"तुझ्या आईसारखा म्हण की."

सून प्रमिला आतून — "ऐकू येस माले!"

दोर तुटला. प्रेमराज ओट्यावर पाय वर करून. शेजारचा रतिलाल अजून हसतोय.

२८ एप्रिल

हरले. झोका भिंतीजवळ, दोर सरळ. प्रेमराज डुलतोय, तुळई गप्प. 'हरले' हा शब्द मेघा फार सावकाश लिहितेय. मोठ्या अक्षरात काढला असेल. मला कुठे वाचता येतंय!

३० एप्रिल, आखाजी

दिपमाला आली. फळीवर हात फिरवला, पण बसेना. आळीतल्या बाया बघत होत्या.

"बस गं. मेघाने दोन माणसांचा हिशेब धरलाय."

"दोघंच आहोत, माय. पण डॉक्टर झोका नको म्हणतात."

तेव्हापासून झोक्यावर मी बसलेय. उतरत नाही!