दोन बोटं कमी भरलेली साखर

वरवट बकाल

घरधन्यास सोजराचा दुरूनच नमस्कार. मी अन् पोरगी खुशाल आहो.

कंट्रोलच्या दुकानातून मी रेशनकारडावर शेरभर साखर तोलून आणली, तशीच घरी दिली. सासूबाईनं ते साखर ज्वारी मोजायच्या शेराच्या मापात ओतली. माप दोन बोटं रितं राह्यलं, अन् मी चोर झाली! "माहेरी धाडली असन," म्हणे. तुम्ही तिथंच जेवत होते. मान वर नाही केली.

इथं माहेरी दादाच्या दुकानात मी तसंच माप ज्वारीनं भरून तोललं, बरोबर शेर भरलं. मंग साखरेनं भरलं, तं शेराहून जास्त. साखर ज्वारीहून जड असते, म्हणून शेरभर साखरेनं ते माप भरतच नाही. हे सासूबाईले मोठ्यानं वाचून दाखवा.

त्यायले माप समजलं नाही. तुमाले तं मी समजत होती ना? मंग काऊन गप्प बसले?

सासूबाईचा गुडघा कोणी शेकून देते का?

पोरगी आता भिंत धरून उभी राह्यते. पाहाले या. पण ओसरीवरच बसा, मी बोलावल्याबिगर आत येऊ नका.

सोजरा