नळाचं प्रेशर, टाकीचं प्रेशर

ता. ३ मार्च

चि. चिऊस दादाचे अनेक आशीर्वाद.

आमची उंचाडी लेक, जिराफबाई, अग्निशमन दलाच्या भरतीत धावण्यात पहिली आली आणि मेडिकलला अडकली. दंडाला पट्टा बांधून पाहिलं, तर वरचा आकडा एकशे अठ्ठेचाळीस! अठ्ठावीस तारखेला फेरतपासणी आहे. बावीस वर्षांच्या पोरीला बी.पी.!

तीस वर्षं मी पाण्याच्या टाकीवर काढली. टोकाच्या नळाला मिळतं त्याहून टाकीच्या पायथ्याच्या पाइपात प्रेशर जास्तच असतं. मग दंडात एवढं, तर पोरीच्या हृदयात केवढं असेल? मी तिला अर्ज मागे घ्यायला सांगितलं. चार दिवस झाले, ती माझ्याशी बोलत नाही. लहानपणी मी टाकीवर चढलो की खाली उभी राहून, बाबा सावकाश उतरा, म्हणून ओरडणारी हीच ती.

तू हृदयाच्या दवाखान्यात मशीन चालवतेस. तिला घेऊन येतो, तूच समजाव. मी ठणठणीत आहे. ऑफिसच्या तपासणीत एकशे बेचाळीस आलं, पण अठ्ठावन्नाव्या वर्षी एवढं चालायचंच.

लोभ आहेच, तो या वेळी माझ्या बाजूने वापर.

तुझा दादा

ता. १७ मार्च

ती. दादास सा. न. वि. वि.

तुम्ही येऊन गेलात, आणि घर एकदम मोठं वाटायला लागलं. डॉक्टरांनी रिपोर्ट आज पाहिले. आधी गोड बातमी. मनगटाच्या नाडीवर मी जी कांडी टेकवली होती, तिच्यावरून हृदयाजवळच्या मोठ्या नळीतला दाब काढता येतो. जिराफबाईचा तिथला आकडा एकशे सोळा आहे. हृदयाची भिंतही जाड झालेली नाही. डॉक्टरांनी भरतीच्या अधिकाऱ्यांना चिठ्ठी दिली आहे. दर वर्षी तपासायचं, बाकी काही नाही.

दादा, तुझं गणित लोखंडी पाइपाचं. शरीरातल्या नळ्या लवचिक असतात. दर ठोक्याला हृदयातून निघालेली दाबाची लाट जिराफबाईसारख्या उंच, तरुण माणसाच्या दंडापर्यंत जाताना चढत जाते, म्हणून तिथे वरचा आकडा मोठा दिसतो. वय वाढलं की नळ्या ताठरतात आणि हा फरक कमी होत जातो.

आता रागावू नकोस. तू बाकावर पेपर वाचत बसला होतास तेव्हा गंमत म्हणून तुझंही मनगट धरलं, मग हृदयाची सोनोग्राफीही केली, ते खरं तर गंमत म्हणून नव्हतं. टाकीच्या शिडीवर तू हल्ली दोनदा थांबतोस, धाप लागते, हे जिराफबाईने मला कानात सांगितलं होतं. तुझ्या दंडात एकशे बेचाळीस आणि हृदयाजवळ एकशे सदतीस. म्हणजे जवळजवळ सगळा भार तुझं हृदय उचलतंय, आणि त्याची भिंत जाड व्हायला लागली आहे. गोळ्या आजपासून. डॉक्टर हो म्हणेपर्यंत शिडी बंद. तोंडावर सांगायचा धीर झाला नाही, मला तुझी फार भीती वाटली रे.

माया कमी करू नकोस, आणि गोळी चुकवू नकोस.

तुझी चिऊ

ता. ९ एप्रिल

चि. चिऊस अनेक आशीर्वाद.

दोन दिवस मी तुझ्यावर फुगून बसलो होतो. मग मुकाट्याने शिडीचं काम जोडीदाराकडे दिलं. गोळ्या रोज घेतो. जिराफबाई स्वतः मोजून बघते, माझ्यावर विश्वास म्हणून नाही.

ती पास झाली. काल सरावाला घरच्यांना बोलावलं होतं. चार मजली शिडी ती सरसर चढली. मी कुंपणापाशी उभा, मान वर करून. इतकी वर्षं वर मी असायचो. खाली उभं राहणं किती अवघड असतं, ते काल कळलं बघ.

ती उतरायला लागली तेव्हा मला राहवलं नाही. सगळ्या जवानांसमोर मी ओरडलो, बाळा, सावकाश उतर.

सावकाश उतरली.

तुझा दादा