आईच्या मिस्सेतून उठताना

मातोझिन्युश,
२ सप्टेंबर १९९१

चि. अबीलियुस,
ताईचे अ. आशीर्वाद वि. वि.

तू सुखरूप पोचल्याचा निरोप शेजारच्या दुकानातून मिळाला. आईला माती देऊन तिसऱ्याच दिवशी तू बैठकीसाठी ब्रसेल्सला निघालास, त्याबद्दल इथे कुणी नावं ठेवत नाही. झुल्मीरा तेवढी म्हणाली, की कारखानदारांच्या महासंघात लागल्यापासून तुझे पाय जमिनीला लागत नाहीत. माझ्या शेजारी उभी राहून वीस वर्षं सार्डिनची डोकी कापते आहे, पण तिची सुरी तिच्या जिभेइतकी कधी चालली नाही.

एक गोष्ट तुला लिहिते, दुसऱ्या कुणाला सांगणार नाही. आईच्या आत्म्याला शांती मिळावी म्हणून सातव्या दिवसाची मिस्सा चालू होती. चर्च भरलेलं. पाद्रींनी तिचं नाव नुकतं घेतलं आणि आमच्या कारखान्याचा भोंगा झाला. मासळी घेऊन होडी लागली होती. बायका एकेक करून उठल्या. मी बसून राहिले, म्हणजे राहायचं ठरवलं होतं. पण भोंग्यानंतर अर्ध्या तासाने मुकादमीण दार लावते, आणि जी आत नसेल तिचं नाव यादीतून जातं. मग हंगामभर भोंगा तिच्यासाठी नसतो. अमादेऊचा हात अजून गळ्यात बांधलेला आहे, नवरा घरी बसलेला, कमावती मी एकटी. मी उठले.

वाटेत झुल्मीराने माझा दंड धरला आणि म्हणाली, अगं, तुझी आई असती तर आपल्या सगळ्यांच्या आधी उठली असती. मला बरं वाटावं म्हणून म्हणाली. सुतकातल्या काळ्या कपड्यांवर एप्रन बांधून संध्याकाळी उशिरापर्यंत कापत होते, आणि पहाटे पुन्हा भोंगा. आईच्या नावाची मिस्सा मी अर्धी टाकून आले, अबीलियु. मला फार लाज वाटते.

जेवणाची हेळसांड करू नकोस. माया आहे तशीच ठेव.

तुझी ताई,
देओलिंदा


ब्रसेल्स,
१४ ऑक्टोबर १९९१

ती. ताईस,
अबीलियुचा शि. सा. न.

पत्र मिळालं. तू उगाच मनाला लावून घेतेस. आई स्वतः चाळीस वर्षं त्याच भोंग्यावर धावली, चुलीवरचं सार तसंच टाकून. ती रागावली नसती.

इथे पावसाने वीट आणला आहे आणि मक्याचा पाव मिळत नाही. मिळतो त्याला पाव म्हणवत नाही. झुल्मीराला सांग, माझे पाय चांगले जमिनीला लागलेले आहेत आणि बूटही भिजलेले आहेत.

काम मात्र वाढलं आहे. साऱ्या युरोपसाठी एक नियम येऊ घातला आहे, की काम सुटल्यावर प्रत्येकाला सलग अकरा तास विश्रांती मिळालीच पाहिजे. आमचे सभासद कारखानदार म्हणतात, मासे, दूध, फळं यांच्या धंद्यात हे जमायचं नाही, आम्हाला सूट द्या. त्यांच्या बाजूचं निवेदन लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं आहे. आमचे साहेब म्हणतात, जिवंत उदाहरण नसलेला कागद कुणी वाचत नाही. तुझ्या पत्राचा मला फार उपयोग झाला. कसा, ते भेटीत सांगेन.

सोबत लोकरीची शाल पाठवतो आहे. अमादेऊच्या हाताला आराम पडो. लोभाचा धागा असाच राहू दे.

तुझा,
अबीलियु


मातोझिन्युश,
२१ मे १९९२

अबीलियु,

आशीर्वाद लिहायला हात उचलत नाही, तेव्हा ते राहू देत.

या हंगामाची पहिली होडी सोमवारी लागली. काम सुरू व्हायच्या आधी मालकांनी, सेन्योर ताव्हारेसांनी, आम्हा सगळ्यांना टेबलांपाशी थांबवलं. हातात ब्रसेल्सहून आलेला कागद होता. म्हणाले, बायांनो, तुमचं नाव कुठवर पोचलंय बघा, आणि वाचू लागले. एका किनारी गावात एका कामगार स्त्रीच्या मिस्सेच्या वेळी भोंगा झाला. कुणी न सांगता सगळ्या स्त्रिया आपणहून कामाला गेल्या, खुद्द मृत स्त्रीची मुलगीही. आणि जाताना त्या म्हणाल्या, की ती स्वतः असती तर सर्वांच्या आधी उठली असती. अशा निष्ठेला तासांच्या चौकटीत कोंडू नये, असं शेवटी होतं.

गावाचं नाव नव्हतं. माझं नव्हतं. त्याची गरजच काय होती? सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. झुल्मीरा तेवढी खाली बघत होती, कारण सर्वांच्या आधी उठली असती, हे शब्द तिचे होते.

तो कागद आता हजेरीच्या घड्याळाशेजारी लावला आहे. रोज आत जाताना दिसतो. मुकादमीण दार लावते हे त्यात नाही. यादी नाही. अमादेऊचा हात नाही. हे सगळं मी लिहिलं होतं ना रे? की लिहायचं विसरले?

आणखी एक सांगते, म्हणजे तुला एकट्याला दोष दिल्यासारखं होणार नाही. मालकांचं वाचून झालं तेव्हा टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या.

देओलिंदा


ब्रसेल्स,
९ जून १९९२

ती. ताईस,
सा. न. लिहिण्याची माझी लायकी उरलेली नाही, तरी लिहितो.

तू काही विसरली नव्हतीस. सगळं लिहिलं होतंस. मी गाळलं. नाव गाळलं की माणूसही गळतो, अशी आमच्याकडे समजूत आहे. सभासदांकडून उदाहरण येतं, नाव-गाव पुसलं की ते कुणाचंच राहत नाही. तो कागद आमच्या कारखानदारांकडे परत जाईल, तुझ्या टेबलापाशी वाचला जाईल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आलं असतं तरी मी थांबलो असतो का, हे खात्रीने सांगता येत नाही.

साहेबांकडे गेलो आणि तो परिच्छेद काढा म्हणालो. ते म्हणाले, सगळ्या निवेदनात तेवढाच वाचण्यासारखा आहे, आणि दोन खासदारांनी तो युरोपच्या संसदेच्या समितीत बोलूनही दाखवला आहे. नाशवंत मालाच्या कामाला सूट मसुद्यात आली आहे, बहुधा राहील.

ह्याहून वाईट सांगायचं आहे. मार्चमध्ये कामगार संघटनांबरोबर बैठक होती. समोर एक डॅनिश बाई होत्या, पूर्वी मासळीच्याच कारखान्यात काम केलेल्या. त्यांनी ती गोष्ट शांतपणे ऐकली आणि मला एकच विचारलं, की जी बाई उठली नसती तिचं काय झालं असतं? तुझं पत्र माझ्या बॅगेत होतं, ताई, पायाशी. मी म्हणालो, याबाबत आमच्याकडे माहिती उपलब्ध नाही. त्यांनी ते लिहून घेतलं.

तुला वाटत होतं, मिस्सा तू अर्धी टाकलीस. मी तर आलोच नव्हतो. तिसऱ्याच दिवशी इथे ज्या बैठकीसाठी पळालो, ती याच नियमातून सूट मिळवण्याबद्दलची होती.

माफ कर असं म्हणवत नाही. ऑगस्टमध्ये आईचं वर्ष येतं. येऊ का, तेवढं कळव.

तुझा,
अबीलियु


मातोझिन्युश,
३ जुलै १९९२

चि. अबीलियुस,
ताईचे आ. वि. वि., या वेळी मोजून मापून.

पत्र चार दिवस उघडलं नाही, मग झुल्मीराकडून वाचून घेतलं. ती म्हणाली, ह्या पोराला लहानपणी आपण दोघींनी कडेवर घेतलं, टाकलं का नाही कुठेतरी. मग रडली. तेव्हा माझ्या वाट्याचा राग बराचसा तिनेच काढला असं समज.

माझं म्हणणं दोनच गोष्टींचं आहे. त्या डॅनिश बाईंना उत्तर दे. माझं नाव घालून दे, गावाचं घाल, दाराचं आणि यादीचं सांग. सूट राहील की जाईल ते मला कळत नाही, पण माहिती उपलब्ध आहे एवढं तरी कागदावर येऊ दे. तुझी नोकरी गेली तर इथे ये. अमादेऊ आता पुन्हा होडीवर जातो आणि सार सगळ्यांना पुरतं. उत्तर दिल्याशिवाय मात्र येऊ नकोस.

दुसरं आईच्या वर्षाचं. मिस्सा रविवारी सकाळी आहे. पुढच्या बाकावर माझ्या शेजारी बस. हंगाम भरात असेल, होडी केव्हा लागेल सांगता येत नाही. भोंगा झाला तर मी उठेन, अबीलियु. मला उठावंच लागेल, आणि या वेळी मी मान खाली घालून जाणार नाही. तू माझ्याकडे बघू नकोस आणि मागेही येऊ नकोस.

तू शेवटपर्यंत बसून राहा. आईचं एक तरी माणूस तिथे असू दे.

तुझी ताई,
देओलिंदा